शांत संगणकाचा आग्रह धरा

संगणक घ्यायला गेलेला माणूस दुकानात काय विचारतो? प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणते, हप्ता किती बसेल. हे यंत्र चालू असताना आवाज किती करते, हा प्रश्न मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर क्वचितच ऐकू येतो. तालुक्याच्या गावी तर नाहीच. युरोपात कपडे धुण्याच्या यंत्राच्या लेबलवर विजेच्या आकड्याबरोबर आवाजाचे डेसिबल छापणे बंधनकारक आहे. आपण मात्र चोवीस तास चालू राहणारी वस्तू घरात आणतो आणि तिच्या आवाजाची चौकशीच करत नाही. ज्यांना घरच्या संगणकावर गाणे साठवून ऐकायचे आहे, त्यांनी तरी ती सर्वांत आधी करायला हवी. कारण घरातल्या संगणकाचा बहुतेक आवाज गरजेतून येत नाही, हव्यासातून येतो. गाण्याला जेवढे लागते तेवढेच यंत्र घेतले, तर ते जवळजवळ निःशब्द असते.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. डीजेच्या भिंती आणि कर्णे यांच्याविरुद्ध आपल्याकडे माणसे वर्षानुवर्षे लढली, न्यायालयात गेली, त्यामुळे या आकड्यांना काही अर्थ आला. उंबऱ्याच्या आत मात्र कायदा येत नाही आणि येऊही नये. तिथे आपला विवेकच कामाला यायला हवा. दोन खोल्यांच्या घरात जिथे संगणक असतो तिथेच रात्री अंथरुणे पडतात, तिथेच बारावीची मुलगी अभ्यासाला बसते, तिथेच आजीची झोप चाळवते. यंत्र एकाने घेतलेले असते आणि त्याची घरघर सगळ्यांना सोसावी लागते. म्हणून शांत यंत्राला श्रीमंतांची चैन समजणे मला मान्य नाही. ज्याच्या घरात खोल्या कमी, त्याला ते जास्त हवे.

गाणे ऐकणाऱ्याचा तोटा वेगळाच आहे. विलंबित ख्यालात आलाप थांबतो आणि मागे फक्त तानपुरा उरतो, तेव्हा त्या झंकारात किती बारीक स्वर असतात! यंत्राची घरघर नेमकी त्यांनाच गिळते. मग आपण आवाज वाढवतो. घरघर झाकली जाते, पण शेजाऱ्याला त्रास होतो, कानाला ताण पडतो, आणि गायकाने मुद्दाम हलका लावलेला स्वर हलका राहत नाही.

आता आवाज येतो कुठून ते पाहू. संगणक जेवढी वीज खातो तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. ती बाहेर काढायला पंखा लागतो आणि पंखा आवाज करतो. म्हणून शांततेचा हिशेब वॉटपासून सुरू होतो. सीडीवरच्या संगीतात दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा, दोन वाहिन्यांचे. म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. एक अक्षरही न गमावता हेच संगीत फ्लॅक या स्वरूपात जवळपास निम्म्या जागेत मावते. एवढी माहिती वाचून पुढे पाठवणे हे आजच्या कुठल्याही प्रोसेसरला काम वाटतच नाही. इंटेलचा २०२३ मध्ये आलेला एन१०० हा प्रोसेसर ६ वॉटच्या मर्यादेसाठी आखलेला आहे. दुकानात सर्रास गळ्यात मारला जाणारा डेस्कटॉप प्रोसेसर ६५ वॉटचा किंवा त्याहून मोठा असतो, आणि त्यावर तीन पंख्यांचे ग्राफिक्स कार्ड चढवले जाते, ज्याला गाण्याशी काहीही घेणेदेणे नाही. वर रंगीत दिवे, काचेची बाजू, आणि ६५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी. गाण्यासाठी ३० वॉटही न लागणाऱ्या घरात तो आणून काय साधते? इतक्या कमी भाराला मोठा एसएमपीएस वीज उलट वाया घालवतो.

वर्षभर अखंड चालणारे १० वॉटचे यंत्र सुमारे ८८ युनिट खाते; ८० वॉटचे ७०० युनिट. ही सहाशे युनिटे कुठल्या तरी औष्णिक केंद्रात कोळसा जाळून आलेली असतात आणि आपल्या घरात त्यांची फक्त उष्णता आणि घरघर होते. चंद्रपूरच्या हवेबद्दल हळहळणाऱ्या माणसाने या आकड्याकडे पाहिले पाहिजे.

पंख्याचा नियम तर प्रत्येक ग्राहकाला ठाऊक असावा इतका उपयोगी आहे. पंखा जितका वेगाने फिरेल तितकी हवा वाढते. पण त्याच्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. मग त्याच वेगाचा दुसरा पंखा शेजारी लावा. हवा पुन्हा पहिल्याइतकी होते, आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. तेवढीच हवा, आणि १२ डेसिबलचा फायदा! मोठ्या पात्यांचे कारणही हेच. ८० मिलिमीटरचा पंखा किंचाळत जे करतो ते १४० मिलिमीटरचा पंखा सावकाश करतो. तेव्हा पंखे कमी असावेत असा हट्ट नको, ते मोठे आणि मंद असावेत असा हट्ट धरा. चार पिनांचा पंखा घ्या, म्हणजे मदरबोर्ड त्याचा वेग तापमानाप्रमाणे कमीजास्त करू शकतो. डब्यावर डेसिबलचा आकडा छापलेला असेल तर तो किती अंतरावर मोजला हे विचारा. अंतराशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

पंखाच नसलेले यंत्र सर्वांत चांगले, असे परदेशी परीक्षणे वाचून वाटते. ती परीक्षणे बहुतेक वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसून लिहिलेली असतात. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोलीतली हवाच इतकी तापलेली असते, की धातूच्या पेटीला आपली उष्णता टाकायला जागा उरत नाही. विदर्भ-मराठवाड्यात म्हणून एक मोठा, संथ पंखा आणि त्यापुढे धुता येईल अशी जाळी हेच शहाणपणाचे. दिवाळीच्या साफसफाईत ती जाळीही धुवा. कोकणात आणि गोव्यात गणित फिरते. तिथली हवा खारट आणि दमट, ती जितकी कमी आत ओढावी तितके बरे. तिथे बिनपंख्याचे छोटे यंत्र शोभते. एक चूक मात्र सगळीकडे होते. यंत्र दिसू नये म्हणून ते टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंबतात. आत हवा तापते, पंखा जीव तोडून फिरू लागतो, आणि दोष कंपनीला दिला जातो.

डिस्कविषयी फार लिहायला नको. फिरणारी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०, आणि तेवढ्याच कंपनांचा खर्जातला गुणगुणाट कॅबिनेटच्या पत्र्यात उतरवते. रबराच्या बैठकीने तो कमी होतो, जात नाही. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. १ टीबीच्या एसएसडीत फ्लॅक स्वरूपात अडीच-तीन हजार सीडींइतके संगीत मावते. रोज एक तास ऐकले तरी ते सात-आठ वर्षे पुरेल. याहून मोठी जागा मागण्याआधी आपण साठवतो किती आणि ऐकतो किती, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

नवे यंत्र घेण्याआधी जुन्याकडेही पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य चांगले संगणक एका रात्रीत निकामी ठरवले गेले. ते निकामी नाहीत. त्यांच्यावर लिनक्स उत्तम चालते, तेही फुकट. कचेऱ्यांतून निघालेले पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप जुन्या बाजारात मिळतात. ते लॅपटॉपसारख्या बाहेरच्या अडॅप्टरवर चालतात, त्यामुळे एसएमपीएसचा पंखाच नसतो. आत एसएसडी बसवा, पंख्यावरची धूळ काढा, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदला. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण घरात आधीच असलेली वस्तू दहा वर्षे जास्त वापरणे हे कुठल्याही नियमापेक्षा मोठे काम आहे. ते मुलांसमोर करा, म्हणजे यंत्र उघडता येते आणि दुरुस्त होते हे त्यांना कळेल.

शांततेचा सर्वांत स्वस्त भाग मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. तो म्हणजे अंतर. साठवणारे यंत्र, म्हणजे सर्व्हर, आणि वाजवणारे यंत्र एकच असण्याची गरज नाही. सर्व्हर पॅसेजमध्ये किंवा दुसऱ्या खोलीत मोकळ्या फळीवर ठेवा, लॅनची एक वायर ओढा, आणि अँप्लिफायरजवळ रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक व आकड्यांचा ध्वनिसंकेत करणारा एक डॅक एवढेच राहू द्या. मध्ये भिंत आली की प्रश्न मिटतो.

आता एका अंधश्रद्धेविषयी. संगीताच्या नादी लागलेल्या सुशिक्षित माणसांना हजारो रुपयांच्या यूएसबी आणि लॅन वायरी विकल्या जातात. त्याने म्हणे स्वर ‘मोकळा’ होतो. फ्लॅकच्या फाइलमध्ये मूळ संगीताची एमडी५ ही खूणगाठ साठवलेली असते. साध्या वायरीने फाइल आली आणि खूणगाठ जुळली, तर एकही बिट बदललेला नाही. महाग वायर त्यात आणखी काय भरणार? आगरकरांच्या महाराष्ट्रात पुरावा मागण्याची लाज वाटू नये. याउलट स्पीकरमधून येणारी खरी घूं-घूं बहुधा घराच्या सदोष अर्थिंगमुळे किंवा दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये तयार झालेल्या वळशामुळे येते. वायरीचे पैसे चांगल्या वायरमनला द्या आणि अर्थिंग तपासून घ्या. त्याने गाणेही सुधारेल आणि घरातल्या माणसांचा जीवही सुरक्षित राहील.

एवढा खटाटोप कशाला, मोबाईलवर सगळे मिळते, असे अनेक जण म्हणतात. मिळते, पण ते भाड्याचे असते. करार संपला की कालचे गाणे आज यादीत नसते. स्क्वीझबॉक्स नावाचे घरगुती संगीतयंत्र बनवणारी स्लिम डिव्हायसेस ही कंपनी लॉजिटेकने २००६ मध्ये घेतली आणि काही वर्षांत ते यंत्र बंद केले. पुढे २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवाही थांबली. तरी लोकांच्या घरचे ते डबे आजही वाजतात, कारण त्यामागची सर्व्हर-प्रणाली खुली होती आणि हौशी प्रोग्रामरांनी ती लिरियन या नावाने जिवंत ठेवली. तुमचा सर्व्हर अशाच खुल्या प्रणालीवर बांधा.

आणि आपल्या संगीताशी भाड्याची दुकाने जो अन्याय करतात तो तर मला सर्वांत जास्त खुपतो. तिथे गायकाचे नाव असते. तबल्याला कोण, पेटीला कोण, सारंगी कोणाची, याचा पत्ता बहुतेक वेळा नसतो. गौहरजानने १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले तेव्हा गाणे संपताच ती स्वतःचे नाव उच्चारत असे, कारण तबकड्या दूर हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळायला हवे होते. साथीदारांचे नाव कोणी उच्चारले नाही. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष होते, हे आपण अभिमानाने सांगतो, मग आपल्याच संग्रहात त्यांच्यासारख्यांसाठी रकाना का नसावा? फ्लॅकमध्ये हवे तेवढे रकाने करता येतात आणि मजकूर देवनागरीत भरता येतो. राग, ताल, बंदिश, साथ, मैफलीचे गाव, साल, सगळे लिहा. एका सीडीला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे आपण त्या कलावंताचे देणे लागतो.

संग्रह चोरीचाही नको. आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांच्या मुद्रणावरचा हक्क केव्हाच संपला. आज गाणाऱ्या कलावंताची सीडी किंवा फाइल मात्र विकत घ्या. मित्राच्या पेनड्राइव्हवरून चाळीस जीबी उचलून आणणाऱ्याने कलेच्या आदराच्या गोष्टी करू नयेत.

सुरुवात घरातल्या कॅसेटींपासून करा. आत्याच्या लग्नातल्या मंगलाष्टका, आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, गावच्या देवळातले भजन यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही, आणि प्रत्येक पावसाळ्यात त्या फितींवर बुरशी थोडी अजून चढते. चालू स्थितीतला डेक शोधा, फीत एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, संथपणे उतरवा, आणि कोण गाते आहे ते ओळखणारी माणसे हयात आहेत तोवर त्यांना विचारून नावे भरा. मग सगळ्या संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती बहिणीच्या किंवा मित्राच्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावात ठेवा. ही दुसरी डिस्क फिरणारी, स्वस्तातली असली तरी हरकत नाही, कारण ती वर्षातून दोन-तीनदाच चालणार असते. सर्व्हरमध्येच दोन डिस्क जोडून एकीचे प्रतिबिंब दुसरीत ठेवले म्हणजे झाले, असे समजू नका. वीज कोसळली किंवा कोणी चुकून फाइल पुसली तर दोन्हीकडून एकदमच जाते. सणाला जाताना डिस्क सोबत न्यायची, नवे भरायचे, दोन-चार गाणी वाजवून पाहायची आणि परत तिथेच ठेवून यायची.