परका ठरवणारी तारीख

उल्हासनगरच्या पत्त्यात आजही बॅरक नंबर लिहिला जातो. बॅरक अमुक, खोली तमुक, कॅम्प नंबर तीन. या बराकी दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी उभ्या राहिल्या. फाळणीनंतर त्यांत सिंधमधून आलेली कुटुंबे राहू लागली. एका लांब बराकीत गोणपाटाचे आणि चादरींचे पडदे लावून अनेक संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. ठाणे जिल्ह्यातले हे शहर म्हणजे परकीय कोण आणि आपला कोण, या प्रश्नाला भारतीय कायद्याने दिलेले पहिले मोठे उत्तर आहे.

ते उत्तर राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात आहे. पाकिस्तानातून आलेली व्यक्ती, तिचे आईवडील किंवा आजीआजोबा यांच्यापैकी कोणीही अखंड भारतात जन्मलेले असेल आणि ती व्यक्ती १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथेच राहत असेल, तर ती भारताची नागरिक ठरते. त्या तारखेला किंवा नंतर आलेल्याने आधी सहा महिने इथे राहायचे आणि मग अधिकाऱ्याकडे अर्ज करून नोंद करून घ्यायची. १९ जुलै १९४८ ला पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत सुरू झाली, म्हणून ही तारीख. जानेवारी १९४८ मधल्या कराचीच्या दंगलीनंतर जहाजाने मुंबईला उतरलेले कुटुंब अर्ज न करताच नागरिक ठरले. त्याच कुटुंबातला भाऊ मालमत्ता विकायला मागे थांबून ऑगस्टमध्ये आला असेल, तर त्याला मात्र कागद लागत होता. दोघांचे घर, भाषा आणि दुःख एकच होते.

तारखेने माणूस आपला किंवा परका ठरवायची ही रीत पुढे साऱ्या उपखंडात दिसते. त्यामागे एक साधे कारण आहे. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश या तिन्ही देशांचा परकीयांविषयीचा मूळ कायदा एकच, ब्रिटिशांनी जाता जाता केलेला १९४६ चा परकीय नागरिक कायदा. कलम ३ ने सरकारला परकीयाचे येणे, राहणे, जाणे ठरवण्याचा जवळजवळ अमर्याद अधिकार दिला. कलम ९ ने आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच टाकली. फाळणीत रेल्वेचे डबे, टाइपरायटर आणि कैदी वाटले गेले. हा कायदा मात्र वाटावा लागला नाही, तो दोन्ही बाजूंना तसाच राहिला, आणि १९७१ नंतर बांगलादेशानेही तो ठेवला. ठाण्याच्या न्यायालयात परवापरवापर्यंत जे कलम वाचले जात होते, तेच कलम कराचीत आणि ढाक्यात वाचले जात होते.

शिक्षेत फरक पडला. पाकिस्तानने २००० मध्ये दुरुस्ती करून जाणूनबुजून बेकायदा प्रवेश करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. परकीयांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र प्राधिकरणही काढले, ते पुढे नादरा या ओळखपत्र खात्यात विलीन झाले. पाकिस्तानचा १९५१ चा नागरिकत्व कायदा शब्दशः वाचला तर उदार आहे, कारण पाकिस्तानच्या भूमीवर जन्मलेला प्रत्येक जण, थोडे अपवाद सोडले तर, नागरिक ठरतो. प्रत्यक्षात अफगाण निर्वासितांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांना हे कलम क्वचितच लाभले. ऑक्टोबर २०२३ मध्ये कागद नसलेल्या परकीयांना १ नोव्हेंबरपर्यंत देश सोडण्याची मुदत मिळाली आणि लाखो अफगाण तोरखम आणि चमनच्या फाटकांतून परत गेले. कराचीच्या मच्छर कॉलनीत बंगाली बोलणारी कुटुंबे कित्येक दशके राहतात. त्यांतल्या अनेकांना पूर्व पाकिस्तान वेगळा होण्याआधीपासून आपण इथेच आहोत हे दाखवता येत नाही, म्हणून राष्ट्रीय ओळखपत्र मिळत नाही. मुंब्रा, भिवंडी किंवा मीरा रोडच्या झोपडपट्टीत बंगाली बोलणाऱ्या मजुराला जो प्रश्न विचारला जातो, तोच कराचीत त्याच भाषेच्या मजुराला विचारला जातो. दोन्ही ठिकाणी संशयाची सुरुवात भाषेपासून होते, ही गोष्ट कोणत्याही कलमात लिहिलेली नाही.

बांगलादेशाकडे आणखी एक जुना कायदा आहे, १९५२ चा प्रवेश नियंत्रण कायदा. पाकिस्तानने तो भारतीय नागरिकांचे येणे रोखण्यासाठी केला होता. उर्दू बोलणाऱ्या बिहारी मुसलमानांना ढाक्याच्या छावण्यांत अनेक दशके नागरिकत्वाविना काढावी लागली. २००८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने १९७१ साली अल्पवयीन असलेल्यांना आणि त्यानंतर जन्मलेल्यांना नागरिक मानले. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून आलेल्या सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना आसरा देतानाही सरकारने त्यांना निर्वासित न म्हणता ‘बळजबरीने विस्थापित म्यानमार नागरिक’ म्हटले. शब्द मुद्दाम निवडलेला आहे. निर्वासित म्हटले की हक्क येतात. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि म्यानमार यांपैकी एकानेही निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. त्यामुळे छळातून पळून आलेला आणि रोजगारासाठी चोरून आलेला, या दोघांत फरक करणारा कायदा या साऱ्या पट्ट्यात जवळजवळ नाही. तो फरक सरकारच्या मर्जीवर आणि आदेशांवर चालतो.

जिथे तारीख फार मागे नेली, तिथे पिढ्यान् पिढ्या राहणारेही परके झाले. श्रीलंकेने १९४८ च्या नागरिकत्व कायद्यात जन्मदाखल्यांच्या अशा अटी घातल्या की चहामळ्यांतल्या लाखो तमिळ मजुरांचा एकही देश उरला नाही. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात ५,२५,००० लोक भारताने आणि ३,००,००० श्रीलंकेने घ्यायचे ठरले, उरलेल्या दीड लाखांचा हिशेब दहा वर्षांनी झाला. भूतानच्या १९८५ च्या कायद्याने ३१ डिसेंबर १९५८ पर्यंतच्या वास्तव्याचा पुरावा मागितला आणि एक लाखाच्या आसपास नेपाळीभाषक नेपाळच्या छावण्यांत गेले. म्यानमारचा १९८२ चा कायदा तर १८२३ पूर्वी स्थायिक असलेल्या जमातींनाच जन्मसिद्ध नागरिक मानतो. दोनशे वर्षांपूर्वीचा दाखला भात लावणारा शेतकरी कुठून आणणार?

नेपाळची गोष्ट उलट आहे. १९५० च्या मैत्री कराराच्या सातव्या कलमामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची आणि व्यवसाय करण्याची मोकळीक आहे. डोंबिवलीच्या एखाद्या सोसायटीत फाटकावर बसलेला नेपाळी वॉचमन व्हिसाशिवाय आलेला असतो आणि त्यात कोणताही गुन्हा होत नाही. त्याच सोसायटीशेजारी चालू असलेल्या इमारतीवर विटा वाहणारा बांगलादेशी तितक्याच कष्टाने आलेला असतो, तरी पाच वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र ठरतो. कायद्याच्या नजरेत हा फरक करारातून आला आहे आणि तो समर्थनीयही आहे, कारण आपल्या सीमेवर कोणाला मोकळीक द्यायची हे ठरवणे हा राज्याचा हक्क आहे. पण हा फरक दोन देशांतला आहे, त्या दोन माणसांच्या वागण्यातला नाही, हे विसरले गेले की कायद्याची अंमलबजावणी सुडासारखी होऊ लागते. ही मोकळीकही दोन्हीकडे पुरती सारखी नाही. नेपाळमध्ये परकीयाला जमीन विकत घेता येत नाही, आणि त्या नियमात भारतीयही मोडतो.

भारतात १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या कायद्याची जागा आप्रवासन आणि परकीय नागरिक अधिनियम, २०२५ ने घेतली. पारपत्र आणि व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, बनावट पारपत्रासाठी दोन ते सात वर्षे. त्याच दिवशीच्या सूट-आदेशाने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून धार्मिक छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना कागदांअभावी होणाऱ्या कारवाईतून वगळले. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत हीच तारीख ३१ डिसेंबर २०१४ होती, म्हणजे नागरिकत्वासाठी एक आणि कारवाईतून सुटण्यासाठी दुसरी. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीला हे नवे नाही. तिथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी कुटुंबे आहेत, आणि डिसेंबर २०१६ मध्ये अशा कुटुंबांच्या नागरिकत्वाच्या अर्जांवर निर्णय घेण्याचा अधिकार देशातल्या ज्या १६ जिल्हाधिकाऱ्यांना मिळाला, त्यांत ठाण्याचे जिल्हाधिकारी होते. श्रद्धेवरून वेगळी वागणूक द्यावी का, हा खरा मतभेदाचा प्रश्न आहे. छळातून आलेल्याला आसरा देणे योग्यच, पण छळाची कसोटी माणसाच्या कहाणीवर लावावी, यादीवर नव्हे, हा आक्षेप वजनदार आहे.

पुराव्याचा भार मात्र नव्या कायद्यातही त्या माणसावरच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्या एका जामीन अर्जावर स्पष्ट केले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हातात आहे एवढ्याने कोणी नागरिक होत नाही, नागरिकत्व १९५५ च्या कायद्यानेच ठरते. निकाल कायद्याला धरून आहे. अडचण पुढे आहे. १९५५ च्या कायद्यानुसार १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला जन्म पुरेसा, त्यानंतर आई किंवा वडील भारतीय हवेत आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा. मुर्शिदाबादच्या नदीकाठी घर वाहून गेलेल्या गवंड्याने आईवडिलांचे दाखले दाखवायचे कसे? जून २०२५ मध्ये मीरा रोडला पकडलेला मुर्शिदाबादचा एक कामगार बांगलादेशाच्या हद्दीत ढकलला गेला. पश्चिम बंगाल सरकारच्या धडपडीनंतर तो परत आला, कारण तो भारतीय होता. आधी जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले होते की कलम ९ चा भार टाकण्याआधी संशयाला काय आधार आहे हे प्रशासनाने दाखवले पाहिजे. आसामात परकीय कोण हे ठरवण्यासाठी १९६४ च्या आदेशापासून न्यायाधिकरणे आहेत. मुंबई-ठाण्याकडे पडताळणी पोलीस ठाण्यातच सुरू होते.

खरोखर बांगलादेशी असलेल्याचे प्रकरणही शिक्षेने संपत नाही. हद्दपारीसाठी समोरच्या देशाने हा आमचा नागरिक असे मान्य करावे लागते, त्यासाठी गाव, पालक, ओळख पाठवून ढाक्याचे उत्तर यावे लागते. ते उत्तर येईपर्यंत शिक्षा भोगून झालेला माणूस कोठडीत किंवा पोलिसांच्या देखरेखीखाली थांबतो, आणि त्याची मुले, जी इथल्याच शाळेत मराठी शिकलेली असतात, कोणत्या कायद्याखाली येतात हे त्यांच्या जन्माच्या तारखेवर ठरते.