जीर्णोद्धार कीं साक्ष?

जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार करणें हें आपल्याकडे पुण्यकर्म मानलें जातें. देवळाचें ढासळलेलें शिखर नवें बांधलें तरी देऊळ जुनेंच राहिलें, अशी भाविकाची निःशंक समजूत असते. आणि तींत कांहीं गैर नाहीं. त्याला दगडांच्या वयाशीं कर्तव्य नसतें, पूजा अखंड चालावी एवढेंच त्याचें मागणें असतें. परंतु जी वस्तु केवळ जुनी म्हणूनच आपण जपतों, तिलाहि हाच न्याय लावावा काय? हा प्रश्न सुचण्यास निमित्त झालें तें एका अनपेक्षित क्षेत्राचें. अमेरिकेंतील ‘स्टॉक’ मोटारींच्या शर्यतींत एके काळीं धांवलेल्या गाड्या शोधून त्या पूर्ववत् करण्याचा छंद तेथें अनेकांना आहे.

‘स्टॉक’ म्हणजे दुकानांत कोणासहि विकत मिळेल तशीच, मुळांत फेरफार न केलेली गाडी. 1932 सालीं फोर्ड कंपनीनें आठ सिलिंडरांचें एंजिन बसविलेली स्वस्त गाडी बाजारांत आणली. दक्षिणेकडील डोंगराळ मुलखांत चोरून गाळलेली दारू रातोरात शहरांत पोंचविणाऱ्यांना ती वरदानच वाटली. सरकारी शिपायांना चुकविण्यांत कमावलेलें कसब पुढें मैदानांत उतरलें. 1936 सालीं फ्लॉरिडांतील डेटोना येथें समुद्रकांठच्या वाळूवर अशा गाड्यांची शर्यत झाली. आणि 1948 च्या फेब्रुवारींत, बिल फ्रान्स यांच्या पुढाकारानें, ‘नॅसकार’ ही संस्था रीतसर नोंदली गेली.

या संस्थेनें 19 जून 1949 रोजीं शार्लट येथें निव्वळ ‘स्टॉक’ गाड्यांची पहिली शर्यत भरविली. ग्लेन डनवे हा 1947 सालच्या फोर्ड गाडींतून सर्वांच्या पुढें पोंचला. परंतु तपासणींत असें आढळलें कीं, त्या गाडीच्या मागील स्प्रिंगा मुद्दाम ताठ केलेल्या आहेत. चोरट्या दारूची नेआण करणाऱ्यांची ही जुनी युक्ति. डनवे बाद ठरला, आणि कॅन्ससहून लिंकन गाडी हांकीत आलेल्या जिम रोपरच्या गळ्यांत विजयाची माळ पडली. डनवेच्या गाडीचा मालक न्यायालयांत गेला. पण त्याचा दावा फेटाळला गेला.

अशा गाड्यांचें पुढें काय झालें? बहुतेकींचें कांहींच उरलें नाहीं. जिंकणारी गाडी पुढच्या आठवड्यांत पुन्हां धांवे, आदळे, ठोकून सरळ केली जाई, आणि पुन्हां धांवे. अखेर तिचें एंजिन एकीला, चाकें दुसरीला आणि सांगाडा भंगारवाल्याला जाई. गाडी जितकी गुणी तितका तिचा नाश अधिक निश्चित. उलट, मालकाला जिचा विसर पडला ती कुठल्याशा कोठारांत धूळ खात पडली, म्हणूनच वांचली. जें टिकलें तें श्रेष्ठ होतें म्हणूनच टिकलें, असें मानणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. अपवाद आहेत. 1952 सालीं हडसन कंपनीच्या गाड्यांनीं 34 पैकीं 27 शर्यती जिंकल्या. दोनच वर्षांनीं ती कंपनी दुसऱ्या कंपनींत विलीन झाली. हर्ब थॉमस याची त्या काळांतील ‘हडसन हॉर्नेट’ मिशिगनमधील इप्सिलांटी येथें एका संग्रहालयांत ठेवलेली आहे. पूर्वीं हडसन गाड्या विकल्या जात त्याच इमारतींत हें संग्रहालय आहे.

आतां प्रश्न असा कीं, सांपडलेल्या गाडीचा कुजलेला पत्रा बदलला, एंजिन दुसरें बसविलें, वर चकचकीत रंग दिला, तर ती तीच गाडी राहिली काय? नागसेनानें मिलिंद राजाला दाखवून दिलें कीं, आंस, चाकें, दांडी यांपैकीं एकहि वस्तु म्हणजे रथ नव्हे. रथ हें त्यांच्या जुळणीला व्यवहारापुरतें दिलेलें नांव आहे. धांवत्या गाडीपुरतें हें उत्तर पुरेसें आहे. रात्रीं आंस बदलला तरी सकाळीं ती सर्वांच्या दृष्टीनें तीच गाडी असे, कारण तिचें काम धांवण्याचें होतें. परंतु धांवणें थांबल्यावर तिचें काम बदलतें. आतां ती साक्षीदार आहे. बाजूच्या पत्र्यावरील पोंचा ही तिची जबानी आहे. तो पोंचा बुजविणें म्हणजे साक्षीदाराला पढविणें होय.

यावर कोणी म्हणेल, गंजलेल्या सांगाड्याकडे पाहून लहान मुलाला काय कळणार? त्याला ती गाडी उभी, रंगविलेली, गर्जतांना दिसली पाहिजे. हा आक्षेप खोटा नाहीं. म्हणून नवी जुळणी करण्यास हरकत नसावी; परंतु जुनें कोठें संपतें आणि नवें कोठें सुरू होतें, हें पाहणाऱ्यास उघड सांगितलें पाहिजे. नव्या पत्र्यावर जुन्या कीर्तीचा आंकडा रंगवून ‘हीच ती’ असें म्हणणें ही जपणूक नव्हे, ही तोतयेगिरी आहे.

समजा, डनवेची ती फोर्ड उद्यां कोणास सांपडली. नियमाला धरून तिच्या स्प्रिंगा सरळ कराव्या, असा मोह त्यास होईल. गाडी ‘शुद्ध’ दिसेल. पण तसें केल्यास तिचा सारा इतिहास पुसला जाईल. 1949 सालीं ज्या स्प्रिंगांमुळें ती अपात्र ठरली, त्याच आज तिच्या खरेपणाचा पुरावा होत.

आपल्या वडीलधाऱ्या माणसांचीं चरित्रें लिहितांना आपणहि असेच कारागीर बनतों. त्यांचे पोंचे बुजवितों, ताठ स्प्रिंगा सरळ करितों, आणि त्यालाच आदर म्हणतों. ज्याला आपल्या माणसाची आठवण खरोखर जपावयाची आहे, त्यानें हत्यार उचलण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि आपण पूजा चालू ठेवीत आहों कीं साक्ष पुसून टाकीत आहों, हें मनाशीं ठरवावें.