गौरव कोणाचा?



दिवेलागणीच्या वेळी आपल्या उमरखेडमध्ये मगरीबची अजान होते. त्याच सुमारास आपल्यापैकी काही घरांत पवित्र जपमाळेची प्रार्थना चाललेली असते. अजान कानी पडली की आपण कधी आवाज चढवतो, कधी खिडकी लावून घेतो, तर कधी मनात म्हणतो, "प्रार्थनेत व्यत्यय आला." शेजाऱ्याने केलेला देवाचा गौरव आपल्याला व्यत्यय का वाटावा? या रविवारी या प्रश्नावर थोडे चिंतन करू या.

मुस्लिम बांधव देवाच्या गौरवाला 'तसबीह' म्हणतात. जपाच्या माळेचे नावही हेच. 'सुब्हानल्लाह' हे त्या गौरवाचे मुख्य वचन. देव सर्व उणिवांपासून मुक्त आहे, तो आपल्या कल्पनेत मावत नाही, असा त्याचा भाव आहे. नमाजात कमरेत वाकताना आणि कपाळ जमिनीला टेकवताना हाच गौरव हळू आवाजात केला जातो. नमाजानंतर 'सुब्हानल्लाह' ३३ वेळा, 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणजे 'सर्व स्तुती देवाची' ३३ वेळा आणि 'अल्लाहु अकबर' म्हणजे 'देव सर्वांहून महान' ३४ वेळा म्हणण्याचा प्रघात आहे. कोणी माळेवर मोजतात, कोणी बोटांच्या पेरांवर. आकाश, पृथ्वी आणि त्यांतील सर्व काही देवाचा गौरव करते, फक्त ती भाषा माणसाला कळत नाही, असे कुराण शिकवते. स्तोत्रसंहितेतील १४८ वे स्तोत्रही सूर्य, चंद्र, पशू, पक्षी यांना देवाच्या स्तुतीसाठी बोलावते, हे आपल्याला ठाऊक आहेच.

मग प्रश्न येतो: देवाला कशाचीच उणीव नाही, तर त्याला आपल्या गौरवाची गरज काय? दोन्ही धर्मांचे उत्तर एकच आहे. देवाला गरज नाही. गरज आपल्याला आहे. मिस्साच्या एका प्रास्ताविक प्रार्थनेत आपण हेच कबूल करतो की, आपल्या स्तुतीने देवाच्या थोरवीत भर पडत नाही, पण ती आपल्या तारणास साहाय्यक ठरते. 'देव महान आहे' असे मनापासून म्हणणारा माणूस स्वतःच्या मोठेपणाची गाठोडी खाली ठेवतो. आणि ओठांवर देवाचा गौरव असून मनात स्वतःचाच गौरव चालला असेल, तर ती प्रार्थना पोकळ ठरते.

कुराणातील 'माऊन' नावाचा एक छोटा अध्याय या पोकळपणावर बोट ठेवतो. लोकांनी पाहावे म्हणून नमाज पढणारे, पण शेजाऱ्याला घरातली साधी वस्तू द्यायलाही नकार देणारे, यांना तो कडक इशारा देतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूनेही दिखाव्याच्या प्रार्थनेविषयी आपल्याला सावध केले आहे. मंदिराच्या पायरीवर असो, मशिदीत असो वा आपल्या वेदीसमोर, ही कसोटी कोणालाच चुकलेली नाही.

आपल्या श्रद्धांत मोठा फरक आहे. आपण पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा त्रैक्याचा गौरव करतो. मुस्लिम बांधव ते मानत नाहीत. हा फरक झाकण्यात प्रामाणिकपणा नाही. तरीही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजीच्या जाहीरनाम्यात मुस्लिमांविषयी आदर व्यक्त केला, तो ते एकाच दयाळू व सर्वसमर्थ निर्माणकर्त्याची आराधना करतात म्हणून.

असा आदर आपल्या मराठी मातीला नवा नाही. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिला. त्याच शतकात, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापले गेले, तेही ओवीतच. देवाची थोरवी गाण्यासाठी दोघांनाही आपलीच भाषा जवळची वाटली.

त्याहीपूर्वी, १२१९ साली, धर्मयुद्ध पेटलेले असताना असिसीचे संत फ्रान्सिस इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिल यांना भेटले. पुढे त्यांनी राज्यकर्त्यांना पत्र लिहून विनंती केली की, रोज संध्याकाळी दवंडी देऊन वा अन्य खुणेने लोकांना देवाच्या स्तुतीसाठी बोलवावे. ही कल्पना त्यांना अजान ऐकून सुचली असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. शत्रूच्या छावणीत ऐकलेली हाक त्यांनी व्यत्यय मानली नाही, तिच्यापासून धडा घेतला.

या आठवड्यात आपणही एक करून पाहू या. जपमाळेच्या वेळी अजान ऐकू आली, तर आवाज चढवण्याऐवजी क्षणभर थांबू या आणि 'पित्याला गौरव असो' ही प्रार्थना सावकाश, अर्थ मनात घेऊन म्हणू या. आणि त्या शेजारघरातून कोणी वाटीभर साखर वा शिडी मागायला आले, तर हसतमुखाने देऊ या. आपण कोणाचा गौरव केला, हे तेव्हाच कळेल.

प्रभू आपल्या ओठांना व हातांना एकच भाषा देवो. आमेन.