पडद्यावरील कैलास

भूपृष्ठाच्या उंचीचे अंक घेऊन त्यांतून डोंगरदऱ्या उभ्या करणारी जी संगणकीय साधने आज घरबसल्या उपलब्ध आहेत, त्यांत कैलासाचा मुलूख उघडला म्हणजे दक्षिणेस मानससरोवर व राक्षसताल यांचे सपाट विस्तार आणि त्यांच्यावर उठलेले ६,६३८ मीटरांचे शिखर पाहून मन थक्क होते. हात किंचित हलविला की अवघा पर्वत वळतो. जी परिक्रमा यात्रेकरू सुमारे ५२ किलोमीटर चालून आणि ५,६०० मीटरांहून उंच अशा डोल्मा खिंडीत धापा टाकीत पुरी करतो, ती येथे काही पळांत संपते. याला दर्शन म्हणावे काय?

प्रदक्षिणेत आराध्य अचल असते आणि भक्त क्षणोक्षणी आपली जागा सोडीत जातो. पडद्यावर भक्त अचल असून आराध्यालाच फिरावे लागते. हिंदू आणि बौद्ध पर्वत उजव्या हाती ठेवून चालतात, बोन पंथाचे लोक उलट दिशेने. पण चालणाऱ्यानेच हलले पाहिजे याविषयी त्यांच्यात मतभेद नाही.

यावर कोणी वेदान्ती म्हणेल की साक्षीला स्थान नसतेच, तेव्हा कोठेही उभे न राहता सर्व बाजू पाहणारी ही दृष्टी त्याच्याच जवळची नव्हे काय? मला हे मान्य नाही. साक्षी दृश्याला हवे तसे वळवीत नाही. आणि या दृष्टीलाही स्वतःचे स्थान आहेच. पुष्कळ साधनांत वापरले जाणारे अंक फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने, ६० मीटर लांब दांड्याच्या दोन टोकांच्या अँटेनांवर रडारचे प्रतिध्वनी टिपून, ११ दिवसांच्या मोहिमेत जमविले. तिरप्या लहरी ज्या कड्यांआड पोचल्या नाहीत तेथे नोंद कोरी राहिली, व ती पुढे अन्य मोजणीवरून किंवा शेजारच्या अंकांवरून भरून काढण्यात आली. शिवाय सुमारे ३० मीटरांच्या प्रत्येक चौकोनाच्या नावावर एकच उंची दाखल असते. त्यामुळे कैलासाची उभी उत्तर भिंत तेथे तीव्र उतार होऊन बसते, आणि बाहेर झुकलेला खडक तर त्या दफ्तरात मावतच नाही.

अनेक जैन ज्या कैलासाला ऋषभदेवांचे निर्वाणस्थान अष्टापद मानतात, त्याच्याविषयी जैन तार्किक म्हणेल की हे चित्र एक नय आहे: खोटे नव्हे, अंशतः खरे, इतर नयांना ते नाकारू लागले तरच त्याचा दुर्नय होतो. हा निवाडा मला न्याय्य वाटतो, कारण सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली यांचे उगम या एकाच परिसरात असूनही त्यांची पाणलोटे कशी विभागली जातात, हे चालणाऱ्याला कधीच दिसत नाही आणि येथे स्वच्छ दिसते. शिखरावर पाऊल ठेवू नये या संकेताचाही येथे भंग होतो असे मी मानीत नाही; निषेध पावलाला आहे, नजरेला नाही.

उरतो प्रश्न ज्याचे पाय थकले आहेत त्याचा. आपल्या परंपरेने मानसपूजा पूर्वीच मान्य केली आहे, मात्र तीत फुलापासून नैवेद्यापर्यंत सारे उपचार पूजकाला आपल्या एकाग्रतेतून उभे करावे लागतात, आणि पडदा नेमके तेच श्रम वाचवितो. तरीही एखादा जराजर्जर भाविक दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व या क्रमाने, एकेका मुखापाशी थांबत आणि नामस्मरण करीत तो पर्वत पाहील, तर त्याची परिक्रमा झाली नाही असे म्हणण्याचा अधिकार मला तरी कोणाकडे दिसत नाही.