बेशरमावरची कात

पोळ्याच्या सकाळी बैल धुवायला नाल्यावर गेलो. आमच्या फुलसावंगीच्या शिवारात नाल्याचा काठ आता दिसतच नाही. दिसतं ते बेशरमाचं रान आणि त्याची जांभळट फुलं. एका दांडीवर, पाण्यापासून वीतभर वर, काहीतरी चिकटलं होतं. वाकून पाहिलं तर चतुराची कात. पाठीवर उभी चीर, चिरेतून डोकावणारे पांढरे धागे, सहाही पाय दांडीला घट्ट. मालक केव्हाच उडून गेलेला.

चतुर आपल्याला हवेत भेटतो, पण त्याचं बालपण पाण्यातलं. गाळात, पाणगवतात दडून तो डासांच्या अळ्या मटकावतो आणि वेळ भरली की एखादी दांडी धरून वर येतो. त्या घडीला त्याला बेशरमही चालतं.

मग बेशरमाच्या नावाने बोटं का मोडायची? त्याने आसरा दिला, हा काही गुन्हा नाही. दुसऱ्या कुणाला जागाच ठेवली नाही, हा गुन्हा. हे झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. तोडून फेकलेली कांडी चिखलात पडली की पुन्हा फुटते. रस्त्यातल्या खड्ड्यात लोक निषेधाला हेच झाड लावतात, ते काही उगाच नाही.

जलपर्णी त्याच्यावर कडी करते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आलेल्या या वनस्पतीने बंगालचे जलमार्ग असे अडवले की १९३६ साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. पुण्यात मुळा-मुठेवर, कोल्हापुरात पंचगंगेवर तिचा हिरवा गालिचा आपण पाहतोच. या गालिच्याच्या कडेचं एखादं रोप उपटून मुळं पांढऱ्या ताटात झटकली, तर ताट वळवळायला लागतं: बारक्या गोगलगाई, पाणकिडे, अळ्या. पण गालिच्याच्या मधोमध चित्र पालटतं. तिथे ऊन खाली उतरत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो. शिंपले आणि चतुराची पिल्लं तग धरत नाहीत. उरतात त्या चिलटांच्या लाल अळ्या, कारण त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन थोडक्या प्राणवायूवर भागवतं. आणि उरतो मॅन्सोनिया प्रजातीचा डास. त्याची अळी शेपटाकडची नळी जलपर्णीच्या मुळात खुपसून तिथूनच हवा घेते. डास खाणारा गुदमरला, डास मात्र मजेत. वरून पाहणाऱ्याला सगळं हिरवंगारच दिसतं.

आपल्याच विदर्भात, भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांतही बेशरम असंच माजलं होतं. तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबतच्या ढिवर, म्हणजे मासेमार, मंडळींनी ते उपटून काढलं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. तळ नांगरला आणि त्यात देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती काठाला, कोणती खोल पाण्यात, कोणत्या माशाला कोणती लागते, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. वनस्पती परतल्या, त्यांच्या पानांवर किडे-गोगलगाई आल्या, त्यांच्यामागे मासे आले, माशांमागे पक्षी.

उपटणं हे अर्धंच काम, हे मला त्या तलावांमुळे कळलं. मोकळी झालेली जागा कुणाची होती हे सांगणारं कुणी नसेल, तर पुढच्या पावसाळ्यात तिथे पुन्हा बेशरमच उभं राहतं.

बैलांच्या पाठीवर पाणी ओतता ओतता मी आठवून पाहिलं: बेशरमाच्या आधी आमच्या नाल्यात काय उगवत होतं? एकाही गवताचं नाव जिभेवर येईना. आज पोळा फुटला, बैलांना पुरणपोळी भरवून झाली, की आईजवळ बसायचं ठरवलंय.