गाळलेल्या ओळी

बंगळुरात नोकरीला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत मी मराठीत शृंगारकथा लिहायचे. बीटीएम लेआउटमधल्या पीजीत, रूममेट झोपल्यावर, मोबाइलवर टाइप करून. टोपणनावाने त्यांची ई-पुस्तकंही मीच काढली. आता त्यातल्या निवडक कथा स्वतःच्या नावाने छापायच्या आहेत. जवळच्यांचा सल्ला एकच : "छाप, पण जरा सोज्वळ करून छाप." हा सल्ला मी मानणार नाही.

या शहराचं नाव लावणाऱ्या एका गायिकेने हेच भांडण शंभर वर्षांपूर्वी केलं होतं. बंगळूर नागरत्नम्मा. देवदासी घराण्यातल्या, संस्कृत आणि तेलुगू जाणणाऱ्या. त्यांच्या हाती 'राधिका सांत्वनम्' हे तेलुगू काव्य आलं. मुद्दुपलनी या गणिकेने ते अठराव्या शतकात तंजावरला, भोसल्यांच्या प्रतापसिंहाच्या दरबारात रचलं होतं. म्हणजे शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीतून पुढे गेलेल्या आपल्याच घराण्याच्या आश्रयाने. त्यात राधा रुसते, मागते, पुढाकार घेते, आणि मनधरणी करायची वेळ कृष्णावर येते. १८८७ साली ते छापलं गेलं तेव्हा संपादकाने काही पद्यं गाळली. मूळ प्रत मिळाल्यावर नागरत्नम्मांनी १९१० मध्ये ते संपूर्ण छापून घेतलं. कंदुकुरी वीरेशलिंगम यांच्यासारख्या मोठ्या सुधारकाने या काव्याला नाक मुरडलं होतं. लाज काय फक्त बायकांनीच बाळगायची, पुरुष कवींनी नाही, असं नागरत्नम्मांनी त्यांना प्रस्तावनेतच विचारलं. पुढे इंग्रज सरकारने काव्यावर बंदी घातली. ती उठायला १९४७ साल उजाडलं.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते गाळलेल्या भागात काय होतं हे. केवळ शय्यागृहातली वर्णनं नव्हेत. मुद्दुपलनीने स्वतःबद्दल, आपल्या घराण्याबद्दल, कवयित्री असलेल्या आजीबद्दल अभिमानाने लिहिलेलं प्रास्ताविकही गेलं. बाईचं शरीर काव्यात चालून जातं, शेकडो वर्षं चालत आलंय. सुख मागणारी बाई नावगावासकट समोर उभी राहिली की मात्र कात्री निघते.

माझ्या पहिल्या कथांमध्ये चांदणं होतं, मोगरा होता, आणि डोळे मिटून पडून राहणारी नायिका होती. सुरुवात नेहमी नायकानेच करायची. मग एका कथेत रात्रपाळीच्या कॅबमधून पहाटे घरी आलेली मुलगी चष्मा काढून उशाशी ठेवते, त्याचा हात धरून स्वतःच्या मानेवर नेते आणि म्हणते, "घाई करू नको." हे वाक्य टाइप करताना माझे कान तापले होते. पुढच्या कथांमधल्या बायका बोलायला लागल्या त्या तिथून. मोगरा आणि चांदणं मी खुशाल काढीन. ते वाक्य राहील.

कच्चं लेखन सुधारायचं असतंच, त्याबद्दल वाद नाही. पण लाजही संपादकाच्याच भाषेत बोलते : हे पाल्हाळ आहे, याने कथा पुढे सरकत नाही. म्हणून प्रत्येक खोडलेल्या ओळीपुढे मी स्वतःला विचारते, की ही वाईट लिहिलीय म्हणून जातेय, की वाचणारे ओळखीचे असतील म्हणून?

मराठीत या लाजेविरुद्ध लिहिण्याचं ओझं र. धों. कर्वे यांनी उघड्या नावाने वाहिलं. १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी स्वतःच चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. बायकांच्या कामेच्छेबद्दल इतकं सरळ लिहिणारा तो माणूस. पण बाईने ते स्वतःच्या नावाने, कथेत, सुखासाठी लिहिणं याला आपल्याकडे अजून जागा अपुरी आहे.

छापण्याआधी संग्रह आईला वाचायला देणार आहे. ती "घाई करू नको"पाशी अडेल, ती ओळ काढ म्हणेल. मग आमचं कडाक्याचं भांडण होईल. ते मला टाळायचं नाही.