सरळ रेषा सगळ्यात शेवटी

नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. अंतर, विस्थापन, चाल, वेग, त्वरण अशा व्याख्या, मागोमाग समीकरणे आणि न्यूटनचे नियम. बीड जिल्ह्यातल्या नेकनूरच्या वर्गात हा धडा शिकवतात तसाच तो मुंबईतही शिकवतात. परीक्षेसाठी ही मांडणी सोयीची आहे. पण माणसाला हे जसजसे सुचत गेले, त्याच्या ती जवळजवळ उलटी आहे. फळ्यावर सुरुवातीलाच जी सरळ रेषा ओढून दाखवतात, ती या विचाराच्या इतिहासात सगळ्यात शेवटी आली.

मांजरसुंब्याहून केजकडे निघालेल्या रस्त्यावरचे नेकनूर हे बाजाराचे मोठे गाव. बालाघाटातली चढउताराची जमीन, आणि पावसाळा सरला की ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांचा हा जिल्हा. इथल्या जुन्या गाडीवानाला विचारले असते, की गाडी कशाने चालते, तर तो म्हणाला असता, बैलांनी. लाकडी चाकाची, लोखंडी धावेची गाडी काळ्या रानात बैल थांबले की जागच्या जागी थांबते, हातभरही पुढे सरकत नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने हेच सांगितले होते: कोणी ढकलत किंवा ओढत असेल तोवरच वस्तू चालते. आज त्याला मूर्खात काढण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. डोळ्यांना दिसले तेच त्याने नीट मांडले.

अडचण बाणाने केली. धनुष्यातून सुटलेल्या बाणाला पुढे कोण ढकलते? ॲरिस्टॉटल म्हणाला, हवा. हे उत्तर त्याच्या चाहत्यांनाही जड गेले. आपल्याकडे वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी हाच प्रश्न घेतला आणि जास्त समजूतदार उत्तर दिले. प्रशस्तपादाच्या ग्रंथात असे आहे, की प्रत्यंचेच्या रेट्याने बाणाला पहिली गती मिळते, त्या गतीतून बाणात ‘वेग’ नावाचा संस्कार उपजतो, तोच त्याला पुढे नेतो आणि तो संपला की गुरुत्वामुळे बाण खाली पडतो. साधारण त्याच काळात अलेक्झांड्रियात फिलोपोनसही अशाच निष्कर्षाला आला होता. पुढे इब्न सिना आणि चौदाव्या शतकात पॅरिसचा बुरिदां यांनी ही कल्पना पुढे नेली. चालवणारा बाहेर असतो, हा हट्ट इथे सुटला. तरीही ‘चालायला काहीतरी लागतेच’ ही समजूत तशीच राहिली. बैल फक्त बाहेरून बाणाच्या आत आला.

मोजण्याचा प्रश्न वेगळाच होता. क्षणाक्षणाला बदलणारी चाल आकड्यात कशी धरायची? इथे भास्कराचार्यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचे विज्जडविड हे गाव म्हणजेच बीड, असे मानणारे लोक आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणच्या बाजूने त्यांच्या नातवाचा शिलालेख उभा आहे. मला हा वाद गावकीचा वाटतो, मजकूर महत्त्वाचा. 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ते ग्रहाची दिवसाभराची स्थूल गती आणि त्या-त्या क्षणाची तात्कालिक गती यांत फरक करतात. चंद्राची चाल इतकी झपाट्याने बदलते, की दिवसाच्या सरासरीवर भागत नाही. विचार मोठा होता, पण तो आकाशातल्या ग्रहांसाठी. उतारावरच्या दगडाला तो लावून पाहिला गेला नाही. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातले पंडितही 1330 च्या दशकात सांगत होते, की चाल सारखी वाढत गेली तर एकूण अंतर मधल्या क्षणाच्या चालीने काढता येते. त्यांनीही ते कागदावरच ठेवले.

उतारावर उतरला तो गॅलिलिओ. त्याची गोष्ट पाठ्यपुस्तकात फारच गुळगुळीत होऊन येते. पडत्या वस्तूचे अंतर वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे त्याने 1604 मध्ये आपला मित्र पाओलो सार्पी याला कळवले होते. नियम बरोबर, पण त्यामागचे कारण चुकीचे: चाल अंतराच्या प्रमाणात वाढते असे त्याने धरले होते. ती वेळेच्या प्रमाणात वाढते, हे उमगायला त्याला आणखी काही वर्षे लागली. आज ‘भागिले वेळ’ लिहायला मुलाला क्षण लागतो. गॅलिलिओला मात्र वेळ ही मुख्य राशी म्हणून निवडावी लागली. आणि ती मोजायला धड घड्याळही नव्हते. लाकडी तुळईत खाच पाडून, आत गुळगुळीत चर्मपत्र लावून त्याने कांस्याची गोळी सोडली आणि भांड्यातून गळलेले पाणी तराजूत तोलून वेळ काढली. हे सारे 1638 च्या पुस्तकात आले, तेव्हा तो आंधळा झालेला होता.

त्याचा दुसरा युक्तिवाद मला त्याहून धाडसी वाटतो. एका उतारावरून सुटलेली गोळी समोरच्या चढावर जवळपास तेवढीच उंची गाठते. चढ कमी करा, ती लांब जाते. आणखी कमी करा, आणखी लांब. चढ उरलाच नाही तर? तर तिला थांबायला कारणच नाही. मात्र गॅलिलिओची ही सपाटी पृथ्वीच्या पृष्ठभागाला धरून, म्हणजे शेवटी वळणारीच होती. अडवणारे कोणी नसेल तर वस्तू सरळ रेषेतच जात राहील, हे देकार्तने 1644 मध्ये स्पष्ट लिहिले आणि 1687 मध्ये न्यूटनने त्याला पहिला नियम केले. चालण्याला कारण लागत नाही. चाल बदलायला लागते. ॲरिस्टॉटलपासून इथवर दोन हजार वर्षे गेली.

नेकनूरच्या परिसरात हा नियम पुस्तकाआधी टायरगाडीने पोहोचवला. लोखंडी धावेच्या जागी रबरी टायर आणि बेअरिंग आले, घर्षण घटले, आणि उसाने भरलेली गाडी उतारावर बैलांच्या अंगावर येऊ लागली. तिथे बैल गाडी ओढत नाहीत, थोपवतात. कारखान्यावर एक हंगाम काढलेल्या आई-बापाच्या मुलाला जडत्व म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागू नये. त्याला समीकरण आधी देणारा धडा त्याची ही जाणकारी वाया घालवतो.

म्हणून शिक्षकांना एक सुचवणे आहे. चार मीटरची पन्हाळी किंवा उभा चिरलेला पाइप घ्या आणि एक टोक वीतभर उचला. गोटी सोडा आणि ती चार सेकंदांत तळाशी पोहोचेल अशी उंची जुळवा. मग मोबाइलवर व्हिडिओ काढून प्रत्येक सेकंदाला ती कुठे होती ते खडूने आखा. खुणा 25 सेंटिमीटर, 1 मीटर, 2.25 मीटर आणि 4 मीटरच्या आसपास पडतील. समीकरण फळ्यावर त्यानंतर लिहा.